बिनमिठाचं भरीत

“सर, त्या फोटोतल्या मुलीला कुणी विचारलं होतं का?”

एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. मृण्मयीनं ते मधल्या सुट्टीत सायकल स्टँडजवळ बसून जुळवलं, श्रेयानं त्यातला ‘प्लीज’ उपटून फेकला, आणि तनुजानं ते दोघींपुढं पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. आधी हसू फुटलं, मग आवाज चिरकला, आणि शेवटी असं ठणठणीत बाहेर पडलं की घंटेखाली डुलक्या घेणारे शिपाईमामा दचकून उभे राहिले. त्यांना वाटलं, मोठ्या बाईच आल्या.

“इथं ठीक आहे गं,” श्रेया म्हणाली. “तिथं एसीत बसल्यावर मांजर होशील.”

“होऊ दे. मांजरीला काय आवाज नसतो?”

“आणि नाही विचारलंस तर?”

तनुजानं जराही विचार केला नाही. “नाही विचारलं तर सेंडऑफला तेच परकर-पोलकं घालून येईन. डोक्यावर टोपली घेऊन.”

“वांग्यांसकट?”

“वांग्यांसकट!”

“पक्का?” मृण्मयीनं हात पुढं केला.

“एकदम पक्का.” तिनं टाळी दिली ती अशी, की मृण्मयी पुढचा अख्खा तास हात चोळत बसली.

फोटोची भानगड अशी होती. चिकलठाण्याच्या पुढं, विमानतळाची भिंत संपते तिथून आत वळलं की ‘ओंजळ’ नावाचं हॉटेल लागतं. हॉटेल म्हटलेलं तिथल्या लोकांना फारसं आवडत नाही. ‘शेतातून थेट ताटात’ असं त्यांच्या पाटीवर लिहिलंय. आता शेत म्हणजे कुठलं, तर त्यातलं एक तनुजाच्या घरचं. फुलंब्रीच्या अलीकडं तिच्या पप्पांचा आणि बन्सीकाकांचा मळा. काका तिथंच राहून तो कसायचे. पप्पा, म्हणजे गोकुळ, चिकलठाण्यात कंपनीत कामाला, आणि घर पुंडलिकनगरात, तनुजाच्या शाळेसाठी. पण पहाट झाली की पप्पा मोटरसायकल काढून मळ्यात जाणार म्हणजे जाणारच. वांगी, मेथी, कोथिंबीर, जे असेल ते क्रेटमध्ये भरायचं, क्रेट मागं आवळून बांधायचे, ‘ओंजळ’च्या मागच्या फाटकात उतरवायचे आणि तसंच पुढं कंपनीत.

तनुजा सहावीत असताना हॉटेल नवं नवं सुरू झालं आणि मालक शंतनू सर फोटोग्राफर घेऊन मळ्यात आले. ती शाळेच्या पीटीच्या ट्रॅकपँटमध्ये होती. फोटोवाल्यांनी पिशवीतून हिरवं परकर-पोलकं काढलं, कानात वेल अडकवले, चपला काढायला लावल्या आणि डोक्यावर वांग्यांची टोपली दिली. वांग्यांना चमक यावी म्हणून तेलाचा हात फिरवला होता. मळ्यात तिच्या आजीनंसुद्धा असा अवतार कधी केला नसेल. पण फोटो आला झकास. खाली लिहिलं, ‘मातीचं निरागस हसू’. खरी गोष्ट अशी, की ते हसू नव्हतंच. तिला शिंक येत होती.

ती शिंक पुढं जालना रोडच्या होर्डिंगवर महिनाभर टांगून राहिली. इन्स्टावर तर आजही आहे. वर्गातली पोरं तिला ‘ए भरीत’ म्हणायची. तनुजा मान खाली घालून बेंचवर रेघोट्या ओढत बसायची, कारण तेव्हा ती तशीच होती, उत्तर येत असूनही हात वर न करणारी.

मग आला यंदाचा, दहावीचा डिसेंबर. स्नेहसंमेलनात ती निवेदन करत होती, आणि ऐन नाटकाच्या आधी माईक मेला. पडद्यामागं राजाची मिशी सापडत नव्हती. समोर सगळं मैदान शिट्ट्या मारतंय. तनुजानं माईक बाजूला ठेवला आणि नुसत्या गळ्यावर, मिशी सापडेपर्यंत, मैदान धरून ठेवलं. काय बोलली ते तिलाही आठवत नाही. पण त्या दिवशी तिला शोध लागला की आपण तोंड उघडलं की लोक ऐकतात! शोध ताजा होता, त्यामुळं ती तो दिसेल त्याच्यावर वापरून बघत होती. रिक्षावाल्यांवर, गणिताच्या सरांवर, गल्लीतल्या क्रिकेटवाल्यांवर. फक्त पप्पांवर अजून वापरला नव्हता.

आणि आता हे नवीन. ‘ओंजळ’ची पुण्यात शाखा निघणार होती, आणि शंतनू सरांना नवा फोटो हवा होता. तीच मुलगी, तीच टोपली, फक्त मोठी झालेली. पप्पांनी फोनवर “व्हय, व्हय, साहेब” म्हणून टाकलं. फोटो शनिवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी तिघांना ‘ओंजळ’मध्ये जेवायचं आमंत्रण. आईनं तर तेव्हापासून घरीच राहिलेलं ते परकर-पोलकं टेलरकडं उसवायलाही दिलं. सगळं ठरल्यावर तनुजाला सांगण्यात आलं, तेही भाजी निवडता निवडता.

“मला नाही काढायचा,” ती म्हणाली.

“असं कसं?” आई म्हणाली. “पप्पांनी शब्द दिलाय.”

पप्पांच्या शब्दापेक्षा मोठी पंचाईत होती ती पप्पांच्या मिठाची. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्याला पप्पा नाही म्हणू शकत नसत. जगात काही माणसांना उंचीची भीती वाटते, काहींना पालीची. पप्पांना खाल्ल्या मिठाची वाटायची. एकदा वर्गणीवाल्या पोरांनी त्यांना बोलावून मिसळ खाऊ घातली, आणि पप्पा गणेश मंडळाचे खजिनदार होऊन घरी आले. एकदा कंपनीतल्या माणसाची जुनी वॉशिंग मशीन ‘नुसती बघायला’ गेले, तिथं पोहे पुढं आले, आणि ती मशीन आज त्यांच्या बाल्कनीत आहे. चालत नाही. आई तिच्यात डाळींचे डबे ठेवते. तनुजा कितीही हसली तरी एक गोष्ट तिलाही ठाऊक होती, की ही सवय तिच्याही अंगात भिनलीय. लहानपणापासून कानावर तेच पडलेलं, ‘खाल्ल्या मिठाला जागावं.’ कुणी वडापाव दिला की तिला त्याचं प्रॅक्टिकल लिहून द्यावंसं वाटायचं.

म्हणून तिनं ठरवलं, शंतनू सरांना प्रश्न विचारून होईपर्यंत तिथला एक घास तोंडात घालायचा नाही.

*

सुरुवातच उलटी झाली. ‘ओंजळ’ला पुढून दगडी वाट आहे, दिवे आहेत, दार उघडायला माणूस आहे. पप्पांची मोटरसायकल मात्र सवयीनं मागच्या फाटकात शिरली, आणि तिच्यामागं आईची स्कूटी. वॉचमन म्हणाला, “काय गोकुळभाऊ, या टायमाला? क्रेट कुठंय?”

“आज जेवाया आलो,” पप्पा म्हणाले आणि उगाच लाजले.

मग तिघं स्वयंपाकघरातूनच आत गेले. आईनं ठेवणीतली पैठणी नेसली होती. ती भांड्यांच्या ढिगाला लागू नये म्हणून आवरत, “जरा सरकता का दादा,” करत त्या वाफेतून त्यांची वरात निघाली. पप्पांनी जाता जाता रिकाम्या क्रेटची थप्पी वाकडी होती ती सरळ केली.

हॉलमध्ये मात्र वेगळीच दुनिया. कुजबुजल्यासारखा उजेड. टेबलं इतकी लांब लांब, की शेजारचा काय खातोय तेही दिसू नये. त्यांच्या टेबलावरच्या बोर्डावर नाव होतं, ‘गोकुळदादा आणि परिवार, आमचे पाहुणे’. आणि समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, ती शिंक.

तनुजाचा पाय टेबलाखाली हलायला लागला तो थांबेचना.

“शंतनू सर कुठायत?” तिनं विचारलं.

“येतील की. काय घाई?” पप्पा म्हणाले. “मोठ्या लोकांचं टेबल दिसतंय तिकडं.” खरंच, कोपऱ्यात कुठल्याशा कंपनीचे दहा-बाराजण होते आणि शंतनू सर त्यांच्यात उभे राहून हातवारे करून ज्वारीबद्दल बोलत होते. उंच, खादीचा कुर्ता, बोलताना डोळे मिटायची सवय.

वाढपी कॅप्टन आले. दाढीवाले, गंभीर, छातीवर नाव ‘ऋतुराज’. त्यांनी तीन इवल्याशा पेल्या ठेवल्या. “ज्वारीची आंबील. वर कढीपत्त्याचं तेल. एका घोटात घ्यावी.”

पप्पांनी उठून उभं राहून पेली घेतली, जणू सत्कारच. आईनं दोन बोटांनी उचलली. तनुजानं हात मांडीखाली दाबून ठेवले.

“घे की.”

“नंतर.”

फोन थरथरला. मृण्मयी: ‘झालं?’ तनुजानं लिहिलं, ‘सर बिझी.’ श्रेया: ‘म्याऊ.’

मग आला हुरडा. आता हुरडा म्हणजे मळ्यात काय असतो! गोवऱ्यांच्या आगीत कणसं, बन्सीकाका गरम गरम कणीस हातावर चोळतात, फुंकर मारून ओंजळीत ओततात, आणि घोळका हात पुढं करून बसतो. इथं काळ्या दगडी पाटीवर चार चमचे हुरडा होता, आणि वर काचेची घुमटी. ऋतुराजनी घुमटी उचलली, धूर भस्सकन बाहेर आला, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी “वॉव” केलं. आणि वास तोच! अगदी मळ्यातला! तनुजाच्या पोटात काहीतरी गडगडलं ते बहुतेक त्या बाईंनाही ऐकू गेलं असेल. दुपारच्या डब्यातही तिनं अर्धी पोळीच खाल्ली होती, प्रश्नाच्या टेन्शनमध्ये.

“आता काय झालं?” आईनं दात न उघडता विचारलं. “चारचौघात काय हे? पोट दुखतंय का?”

“नाही.”

“मग खा.”

“खाते. आधी सर येऊ देत.”

“सर काय तुला भरवणारेत?”

ऋतुराजनी भरलेली पाटी परत नेताना विचारलं, “ताई, आवडलं नाही का?” आणि तिथंच घोटाळा सुरू झाला. कारण मालकांच्या पाहुण्यांना काही आवडत नाहीये म्हटल्यावर स्वयंपाकघरानं ते मनाला लावून घेतलं. हुरडा गेला आणि मेथीचे मुटके आले. मुटक्यांना तिनं हात लावला नाही, तर रताळ्याचं काहीतरी लालसर, वर फेस असलेलं. त्यालाही लावला नाही, तर शेंगोळ्या. पप्पा बिचारे अन्न वाया जाऊ नये म्हणून तिच्या वाटचं सगळं खात सुटले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“तनू,” ते कळवळून म्हणाले, “माज्या पोटाला काय चेन लावलीय का? खा की गं थोडं.”

“मी जरा येते,” ती म्हणाली आणि उठली. बसवतच नव्हतं.

ती फोटोपुढं जाऊन उभी राहिली. इतक्या जवळून तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. नाक केवढं! शिंक अगदी टोकावर आलेली, वरचा ओठ ताणलेला. आणि उजव्या कडेला, अगदी चौकटीला चिकटून, एक कोपर. हिरव्या बांगड्या, त्यात एक फुटलेली. फोनवर ते कधी दिसलं नव्हतं. तनुजाला आठवलं, टोपली पडू नये म्हणून आई शेजारी उभी होती, हात वर धरून. फोटोवाला म्हणाला होता, “मावशी, थोडं बाजूला. अजून थोडं.” आई सरकत सरकत फोटोच्या बाहेर गेली. कोपर तेवढं मागं राहिलं.

“छान आहे ना?” ऋतुराज रिकामा ट्रे घेऊन मागं उभे होते. “गोकुळकाका रोज बघतात.”

“रोज? ते तर मागच्या दारानं येतात.”

“क्रेट उतरवले की आत एक चक्कर असते त्यांची. हॉलमध्ये अंधार असतो, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. ते हा एकच दिवा लावतात, बघतात, दिवा बंद करतात, जातात. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

तनुजाला माहीत नव्हतं. ती टेबलाकडं परतली तेव्हा तो ठणठणीत प्रश्न आता तेवढा ठणठणीत राहिला नव्हता. पप्पा खुर्चीच्या टोकावर बसले होते, हातरुमालानं तोंड पुसत, आणि मधूनच भिंतीकडं बघत होते. मृण्मयी-श्रेयाला काय, त्यांना नुसता खो द्यायचा होता. विचारायचं तिला होतं. विचारू नये का? न विचारता निमूट खाऊन घरी जाता येत होतं. सकाळी परकर घालायचा, हसायचं, संपलं. मग पुण्याच्या कुठल्यातरी भिंतीवर पुन्हा टोपली. आणि सोमवारी पुन्हा ‘ए भरीत’. पाय पुन्हा हलायला लागला.

आणि तेवढ्यात भरीतच आलं.

वांग्याची साल होडीसारखी, तिच्यात भरीत, कडेला बाजरीचा कुरकुरीत पापड. ऋतुराजनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, “आज पहाटे फुलंब्रीच्या मळ्यातून तोडलेलं...”

“खालच्या पट्टीतलंय हे,” पप्पांनी पहिल्या घासालाच सांगितलं. “यंदा तिथं बी कमी हाय वांग्यात.”

तनुजाचा पाय थांबला.

आपल्या पट्टीतलं वांगं! ज्याच्यापायी मळ्यात घाम गाळला तो बन्सीकाकांनी, वाहून आणलं पप्पांनी. मग इथं खातोय ते कुणाचं? आपलंच की! त्यांचं म्हणजे कोळसा, ताटली आणि... मीठ. बस्स, मिठाचाच तेवढा प्रश्न होता.

ती ताठ बसली. “ऋतुराजदादा, बिनमिठाचं भरीत मिळेल?”

“काय?”

“वांगं फक्त भाजून द्या. मीठ अजिबात नको. एक कणसुद्धा नको.”

ऋतुराजनी पप्पांकडं पाहिलं, पप्पांनी आईकडं, आईनं छताकडं. “हिला काय झालंय मला माहीत नाही,” आई छताला म्हणाली.

बिनमिठाचं आलं. आख्खं वांगं, वरून काळं, आत लोण्यासारखं मऊ. तनुजा तुटून पडली. अळणी होतं, सपक होतं, आणि तरी तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. बोटांनी निपटून तिनं साल स्वच्छ केली, आणि बोटं चाटतच होती तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

“गोकुळदादा, वहिनी, सगळं ठीक ना? किचनमधून निरोप आला, तुमच्या टेबलावर कुणीतरी बिनमिठाचं मागितलंय. कुणाला बीपी आहे का? मला आधी सांगायचं ना.”

शंतनू सर. स्वतःहून आले होते. खरंच काळजीत दिसत होते.

पप्पा उभे राहिले. आई पदर सावरून उभी राहिली. तनुजाही उठली, पण उठता उठता तिच्या लक्षात आलं की आपल्या पोटात यांचं मीठ नाही.

“मला बीपी नाही, सर,” ती म्हणाली. “मला एक विचारायचं होतं. त्या फोटोतल्या मुलीला कुणी विचारलं होतं का?”

कोपऱ्यातल्या कंपनीच्या टेबलानंसुद्धा माना वळवल्या. तनुजाचा आवाज मैदानाला पुरणारा होता. एसी हॉलमध्ये तो जरा जास्तच झाला.

शंतनू सरांनी भिंतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “अरे! तू म्हणजे... हो की. किती मोठी झालीस.” मग डोळे मिटले, उघडले. “काय विचारायला हवं होतं?”

“की फोटो काढू का. की भिंतीवर लावू का. की होर्डिंगवर लावू का.”

“पण विचारलं होतं ना,” ते गोंधळून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. “गोकुळदादांना विचारलं होतं. आत्ताही, उद्याचं, त्यांनाच विचारलं.”

तनुजानं मान वळवली.

पप्पा टेबलाच्या कडेला हात धरून उभे होते. “व्हय,” ते म्हणाले. “मला इचारलं व्हतं. मी हो म्हणलो.” आणि हलकेच, “बाप हाय मी तिचा.”

तिनं सहा दिवस... छे, तिनं चार वर्षं हा प्रश्न शंतनू सरांवर रोखून धरला होता, आणि तो सुटला तो थेट पप्पांना जाऊन लागला. हे मृण्मयीनं तिला सांगितलं नव्हतं. श्रेयानंही नाही.

डोक्यावरून विमान उतरायला लागलं. आवाज ओसरला तेव्हा आई बोलली.

“मलाबी कुणी विचारलं नव्हतं.”

“वहिनी, तुम्ही कुठं आहात फोटोत?”

“तेच म्हणतेय मी. ते बघा माझं कोपर. टोपली मीच धरली होती. तुमचा माणूस म्हणाला, सरका मावशी. मी सरकले.” ती हसून बोलली, पैठणीचा पदर बोटाभोवती गुंडाळत, पण शंतनू सर खरोखर भिंतीपर्यंत गेले आणि वाकून ते कोपर बघून आले. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“मला... खरंच दिसलंच नव्हतं,” ते म्हणाले. “रोज बघतो हा फोटो.” मग पप्पांकडं वळले. “दादा, तुम्ही घरी बोला निवांत. तनुजाला नको असेल तर नाही काढायचा. सकाळी फोटोग्राफर निघायच्या आत मला तेवढं कळवा. आणि भाजीचा आणि ह्याचा काही संबंध नाही, ते आहे तसंच.”

“न्हाई न्हाई, साहेब,” पप्पा घाईनं म्हणाले, “पोरगी हाय, बोलली जरा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं मीठ खाल्लंय आम्ही.”

बघा! तनुजानं मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

*

बाहेर थंडी होती. मागच्या फाटकाशी एकच ट्यूबलाइट, खाली रिकामे क्रेट. पप्पा दोन क्रेट मोटरसायकलला बांधायला लागले, सकाळी मळ्यात लागतात म्हणून. दोरी ओढायची, गाठ मारायची, सोडायची, पुन्हा ओढायची. आई स्कूटीवर बसून हेल्मेटचा पट्टा लावत होती आणि काढत होती. तनुजा मध्ये उभी. फोन खिशात सारखा थरथरत होता, ‘झालं का??’, ‘बोल ना’, ‘टोपली तयार ठेवू?’ पैज तर ती जिंकली होती. मग असं का वाटत होतं, की वर्गात सगळ्यांसमोर पप्पांना उठाबशा काढायला लावल्यात?

“पप्पा.”

“हं.”

“राग आला?”

दोरी ओढली. “लई वाईट दिसतो का गं त्यो फोटो?”

“नाही. छान दिसतो.”

“मग?”

“मला शिंक येत होती, पप्पा.”

पप्पांचा हात थांबला. “काय म्हणतीस!”

“तेल लावलं होतं ना वांग्यांना, त्याच्या वासानं. आणि पायात काटा गेला होता. आणि शाळेत मला भरीत म्हणतात. सगळे.”

“सगळे?” आईनं हेल्मेट काढलं. “कधीपासून? सांगितलं नाहीस ते?”

“तेव्हा मला बोलता येत नव्हतं.”

पप्पा क्रेटच्या कडेवर बसले. त्यांनी बुटाच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढली आणि पुसली. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “येवढे मोठे मोठे लोक जेवाया येत्यात, आन माजी पोरगी त्यांच्या समूर हासत उभी ऱ्हाती. कंपनीत समद्यांला दाखवला मी. मला वाटलं, तुलाबी आवडत असंल.”

“तुम्ही विचारलंच नाही.”

“नाय इचारलं.” त्यांनी मान हलवली. मग एकदम तोंड वर केलं. “बरं. आता इचारतो. तनू, काढायचा का उद्या फोटो?”

आई स्कूटीवरून उतरली आणि पप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघंही तिच्याकडं बघत होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे. तनुजाला वाटलं होतं, कुणी विचारलं की ‘नाही’ एका झटक्यात निघेल. पण असं खरोखर विचारल्यावर ते नुसतं ‘नाही’ तोंडात मावेना. तिला तो अंधारा हॉल दिसला, उलट्या खुर्च्या, एकच दिवा. तिनं खिशातला थरथरता फोन बंद करून टाकला, श्वास घेतला, आणि आवाज लहान केला, मैदानाचा नाही, तिघांपुरता.

“आई, पप्पा, मी ठरवलंय. जुना फोटो राहू द्या. तो तुमचा आहे, तुम्ही तो रोज बघा. पण नवा नाही काढायचा. उद्या मी शाळेत जाणार. आणि शंतनू सरांना सकाळी फोन मीच करणार, तुमच्यानं नाही व्हायचं ते. तुम्ही दोघांनी त्यांचं मीठ खाल्लंय. मी नाही.”